मोठ्याने वाचलेले एक वर्ष

वर्षभराच्या वाचनाचा आढावा घ्यावयाचा म्हणजे पन्नास-साठ पुस्तकांची नावे सांगावयाची, त्यांतली निम्मी परभाषेतली असावयाची, आणि शेवटी 'वेळेअभावी राहून गेलेल्या' पुस्तकांची आणखी एक यादी जोडावयाची, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. मीही पूर्वी दोन वेळा असे लेख लिहिले आहेत. प्रांजळपणे सांगावयाचे तर त्या यादीतल्या काही पुस्तकांच्या शेवटच्या पानांशी माझी ओळख ओझरतीच होती. ह्या वर्षी तशी सोय उरलेली नाही. २०२४ च्या दिवाळीपासून ह्या दिवाळीपर्यंत मी अवघी सहा पुस्तके वाचली. त्यांतले एक अर्ध्यावर सोडले. सहाही पूर्वी वाचलेली होती. त्यांतल्या चौघांवर मी वर्गात व्याख्याने झोडली होती, आणि एकावर छापील मत दिले होते. ते मत मला आता परत घ्यावयाचे आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी.

पुस्तके इतकी थोडी का, ह्याचे कारण घरगुती आहे. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांची नजर एकाएकी उतरली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचे दिसत राहील, समोरचे दिसणार नाही. म्हणजे कसे, तर त्यांना दार दिसते, पण दारात कोण उभे आहे ते दिसत नाही. पान दिसते, अक्षर दिसत नाही. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी एखादे मासिक आणि चातुर्मासात पोथी, असे नेमाने वाचणाऱ्या बाईला हे दुखणे किती जड गेले असेल ते सांगावयास नको.

नातवाने तत्परतेने मोबाइलवर पुस्तके ऐकण्याची व्यवस्था करून दिली. दोन दिवस त्यांनी ऐकले, आणि तिसऱ्या दिवशी यंत्र मला परत दिले. "माणूस छान वाचतो," त्या म्हणाल्या, "पण तो थांबत नाही गं. मधे काही विचारायचं म्हटलं तर सोय नाही." तेव्हा मी म्हणाले, "आई, मी वाचू का?" हा प्रश्न मी जरा भीतभीतच विचारला. आमच्या दोघींचे कधी भांडण झाले नाही. पण पस्तीस वर्षे एका घरात राहून आम्ही गप्पा मारीत बसलो आहोत, असेही फारसे घडले नव्हते. त्या स्वयंपाकघरात, मी वह्या तपासण्यात. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "वाच. पण मला समजावून सांगू नकोस."

झाले. रोज दिवेलागणीनंतर एक तास असा नेम ठरला. मी खुर्चीवर, त्या जमिनीवर पाट घेऊन. त्यांच्या मांडीवर कापूस. वाती वळण्यासाठी डोळे लागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

पहिले पुस्तक मी निवडले ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मी कितीदा वाचले असेल, कोण जाणे! 'निर्व्याज विनोद', 'अकृत्रिम शैली' हे शब्द मी त्याच्याबद्दल फळ्यावर लिहिलेले आहेत आणि मुलींनी ते उत्तरपत्रिकांत मला परत केलेले आहेत. पण मोठ्याने वाचू लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ती बातमी लक्ष्मीबाईंच्या कानावर येते आणि त्यांचे घर, नाते, देव सारेच एका दिवसात हलते, तो भाग आला. प्रसंगाला शोभावे म्हणून मी आवाज कातर केला, एक-दोन ठिकाणी थांबले. सासूबाईंचा हात वातीवर थबकला. "तू कशाला रडवं बोलतेस?" त्या म्हणाल्या. "ती कुठं रडते आहे?"

मी पान मागे उलटून तोच मजकूर सरळ, आवाजात काही न मिसळता वाचला, आणि मग तो भाग खरोखर ऐकू आला. लक्ष्मीबाईंच्या गद्याचे मर्म ह्यात आहे, की दुःख सांगतानाचा त्यांचा सूर आणि गंमत सांगतानाचा सूर हे दोन सूर नाहीत, एकच आहे. एका वाक्यात घर मोडते आणि पुढच्याच वाक्यात कोणाच्या तरी वेंधळेपणाची हकीकत येते, पण सांगणारीची मान हलत नाही. डोळ्यांनी वाचताना आपण आपल्या मनातला गहिवर त्या ओळींवर ओततो आणि तो लेखिकेचाच आहे असे समजतो. ह्याला मी इतकी वर्षे 'अकृत्रिमता' म्हणत होते. परंतु हे आपोआप होणारे काम नव्हे. दुःखाला आवाज चढवू न देणे ही फार मोठी कमाई आहे. आणि ज्या बाईने नवऱ्याच्या धर्मांतरानंतरची वर्षे दोन्ही बाजूंची बोलणी खात काढली, मग १९०० साली स्वतःच्या विचाराने तोच धर्म स्वीकारला, तिने ती आयुष्य खर्चून मिळविली आहे. टिळकांविषयी सासूबाईंचा निकाल असा : "मोठा माणूस होता हे खरं. पण असल्या मोठ्या माणसाच्या घरी चूल सांभाळणं अवघड." समीक्षेच्या भाषेत हे मी दोन परिच्छेदांत सांगितले असते.

संक्रांतीनंतर विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' घेतला. वरसईचा हा गरीब भिक्षुक, कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो गावात होता. पाठोपाठ झालेली कत्तल आणि लूट त्याने पाहिली. पुढे १८८३ मध्ये त्याने हे सारे लिहून काढले, आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. इतिहासाचे साधन म्हणून ह्या पुस्तकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही दोघींनी ते निराळ्या कारणासाठी वाचले. सासूबाई रोज वाचनाला बसताना एकच प्रश्न विचारीत : "आज पोचतो का तो घरी?"

हा प्रश्न मला आरंभी भाबडा वाटला. लेखक जिवंत राहिला नसता तर पुस्तक आले कोठून, असे मी म्हणालेही. पण जसजसे वाचन पुढे गेले तसतसे माझ्या ध्यानात आले, की पुस्तकाचा खरा दोरा तोच आहे. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे, गोऱ्यांची पलटण ही मोठी मंडळी ह्या भटजीच्या वाटेवर येतात आणि जातात. भटजी मात्र सारखा वरसईकडे तोंड करून उभा आहे. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले जाते, कपडे फाटतात, पण आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन जावयाचे हे त्याचे मन सोडत नाही. इतिहास ज्यांनी घडविला त्यांनी लिहिलेले वृत्तान्त आपल्याकडे आहेत. इतिहास ज्यांच्या अंगावरून गेला आणि तरीही ज्यांना घरचे कर्ज आठवत राहिले, अशांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. तो घरी पोचला आणि गंगेच्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले, तो भाग वाचून झाला त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सुटला बिचारा," आणि लगेच विचारले, "पण कर्ज?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कर्जाचा विषय पुढच्या पुस्तकातही निघावयाचा होता. उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे आली, तेव्हा त्यांनाही बसता यावे म्हणून 'श्यामची आई' काढली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलेले आणि १९३५ मध्ये छापले गेलेले हे पुस्तक. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मराठी घरात त्याची ओळख करून देणे म्हणजे तुळशीची ओळख करून देण्यासारखे आहे. तथापि मी तरुणपणी ज्या वाङ्मयीन वातावरणात वाढले तेथे ह्या पुस्तकाचे नाव थोडे ओशाळूनच घ्यावे लागे. 'भाबडे', 'अश्रूंनी भिजलेले', 'उपदेशपर' ही विशेषणे तयार असत, आणि मीही ती वापरलेली आहेत.

मोठ्याने वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की हे पुस्तक वाचण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठीच रचलेले आहे. त्यात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. आमच्याकडेही रोज एक रात्र वाचावयाची असे ठरले. दहा वर्षांचा नातू इंग्रजी शाळेत जाणारा. तो कंटाळेल असे मला वाटले होते. तो कंटाळला, पण मी समजत होते तेथे नव्हे. गुरुजी आईविषयी, संस्कृतीविषयी, मातृप्रेमाविषयी बोलू लागले की तो पायाच्या अंगठ्याशी खेळू लागे. आई स्वतः बोलू लागली की त्याचा अंगठा थांबे. पोहावयास घाबरून लपून बसलेल्या श्यामला मारून पाण्यावर पाठविणारी आई, तळव्यांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनालाही तसेच जपावयास सांगणारी आई, त्याला चांगली कळली. मला असे दिसले, की ह्या पुस्तकात दोन आवाज आहेत. आठवण काढणाऱ्या मुलाचा आवाज मऊ आहे, कोठे कोठे फारच मऊ. पण आठवणीतल्या आईचा आवाज ताठ आहे. आम्ही पहिल्या आवाजावर टीका करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले. आमची टीका सर्वस्वी चुकीची होती असे मी म्हणत नाही. उपदेशाचे उतारे आजही अडखळवतात, आणि दोन वेळा मी ते गुपचूप गाळले. ('काहीतरी गाळलंस,' असे सासूबाई म्हणाल्याच.) परंतु अर्धेच पुस्तक वाचून आम्ही सबंध पुस्तकाचा निकाल दिला, हे कबूल केले पाहिजे.

सावकाराकडून घरी तगादा येतो, त्या रात्री नातवाने विचारले, "कर्ज म्हणजे लोनच ना? मग एवढं काय?" त्याच्या आईवडिलांच्या घरावर लोन आहे, मोटारीवर आहे, त्या मोबाइलवरसुद्धा आहे. मी समजावयास तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "हो, लोनच. पण त्या वेळचं लोन घरी येऊन ओसरीवर बसायचं, आणि सगळ्यांदेखत बोलायचं." मुलाने एकदा दाराकडे पाहिले. अधिक काही सांगावे लागले नाही.

ह्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळू लागला. नातवंडे परत गेली, आणि बाहेर पागोळ्या गळत असताना आम्ही दुष्काळाची कादंबरी हाती घेतली : व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी आजही कोवळी वाटते. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालविण्यासाठी येतो, तिथल्या माणसांत गुंतत जातो, त्यांच्यासाठी तालीम बांधून घेतो, आणि शेवटी पाऊस पाठ फिरवितो तेव्हा मेंढरे आणि माणसे वाडीतून निघून जातात. गोष्ट एवढीच आहे. वाक्ये लहान, विशेषणे मोजकी. वाचणाऱ्याला अशा गद्यात लपावयास जागा मिळत नाही. आवाजाने काही करावयाचे म्हटले तर वाक्य लगेच त्याची चुगली करते. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसे थोडे बोलतात आणि मधल्या गप्प राहण्यात पुष्कळ सांगतात. छापील पानावर ते गप्प राहणे दिसत नाही, कारण डोळा पुढे धावतो. वाचणारीला मात्र तेथे श्वास घ्यावाच लागतो. सासूबाईंनी ह्या पुस्तकात सर्वांत कमी प्रश्न विचारले. शेवटाला त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर जायला निघाला तेव्हा निरोप द्यायला कोणी उरलं नव्हतं." मी वर्गात 'समूहाच्या जीवनाची शोकात्मिका' असे लिहून देत असे. त्या शब्दांत मास्तर नव्हता.

एवढ्या यशाने माझा धीर वाढला आणि मी जी. ए. कुलकर्णींची 'काजळमाया' काढली. १९७२ सालचा हा संग्रह माझ्या पिढीचा लाडका; त्यातली काही पाने मला जवळजवळ पाठ होती. येथे मात्र आमची गाडी रुतली. जी. एं.चे वाक्य प्रतिमांनी इतके भरलेले असते, की कानाला ते एका घोटात घेता येत नाही. पहिल्या उपमेचा रंग मनात उतरतो न उतरतो तोच दुसरी येऊन उभी राहते. डोळ्यांनी वाचताना आपण मागे वळतो, थांबतो, एका शब्दाभोवती फिरतो. ऐकणाराला ती मुभा नसते. तिसऱ्या कथेच्या मध्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे तू तुझ्या खोलीत वाच. हे एकट्यानं वाचायचं आहे." मी तसे केले, आणि पुस्तक पूर्वीइतकेच मोठे वाटले. तेव्हा जे मोठ्याने वाचता येते तेच चांगले, असला सिद्धान्त मला मांडावयाचा नाही. काही पुस्तके दिवाणखान्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी दार लोटूनच घ्यावे लागते. आवाजाच्या कसोटीने जी. ए. लहान ठरत नाहीत. ती कसोटी कोठवर पोचते एवढेच कळते.

आता त्या छापील मताकडे येते.

उद्धव शेळके ह्यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. वऱ्हाडातली कौतिक नावाची एक बाई, तिचा शिंपीकाम करणारा नाकर्ता नवरा महादेव, आणि मुलांना घेऊन दारिद्र्याशी चाललेली तिची झुंज असा तिचा विषय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका लहानशा नियतकालिकात ह्या कादंबरीवर टिपण लिहिले होते. त्यात कौतिकच्या चित्रणाची स्तुती करून शेवटी मी असे म्हटले होते, की संवादांतील वऱ्हाडी बोलीच्या अतिरेकामुळे वाचकाच्या रसास्वादात व्यत्यय येतो. हे वाक्य लिहिताना मला मोठे साक्षेपी वाटले होते. वाचक म्हणजे कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. तो वाचक म्हणजे मी होते.

श्रावणात आम्ही 'धग' सुरू केली. सासूबाई मूळच्या अमरावतीकडच्या; पण ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्या फारशी ध्यानात नसे. लग्न होऊन त्या साताऱ्याला आल्या तेव्हा १९ वर्षांच्या होत्या, आणि साल तेच, १९६०. त्यांचे बोलणे साताऱ्यातल्या कोणत्याही वयस्क बाईसारखे आहे. मी निवेदन नीट वाचले आणि पहिला संवाद आला तेव्हा आपल्या समजुतीप्रमाणे वऱ्हाडी हेल काढला. सासूबाई हसल्या. गालातल्या गालात नव्हे, चांगल्या खळखळून. वातीचा कापूस मांडीवरून घसरला. "अगं, असं नाही म्हणत," म्हणून त्यांनी तेच वाक्य म्हणून दाखविले. ते वाक्य आणि मी वाचलेले वाक्य ह्यांत अक्षरांचा फरक नव्हता, तरी एकाच अंगणातली ती दोन वाक्ये नव्हती. मी ओशाळून गप्प झाले. तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "काऊन थांबली वं? वाच नं."

पस्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वऱ्हाडी वाक्य.

मग हळूहळू कळले. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पंगतीत वाढताना 'मला' म्हणण्याऐवजी त्या 'मले' म्हणाल्या, आणि सारी पंगत हसली. दुष्टपणाने कोणी हसले नसेल. पण नंतर कित्येक दिवस पोरेसोरे 'मले मले' करीत त्यांच्या मागे फिरत. त्यांनी चार-सहा महिन्यांत आपली जीभ घासूनपुसून लख्ख केली. पुढे घरात फोन आला. माहेराहून त्यांच्या भावाचा फोन आला की त्या खोलीचे दार लावून घेत. माहेरची काही नाजूक गोष्ट असेल, असे आम्हां सर्वांना वाटे. नाजूक गोष्ट एवढीच होती, की त्या दहा मिनिटे आपल्या भाषेत बोलत. तो भाऊ वारला त्याला आता अकरा वर्षे झाली.

त्यानंतर आम्ही वाचनाची रीत बदलली. निवेदन मी वाचावयाचे. संवादाची ओळ मी हळूच सांगावयाची आणि सासूबाईंनी ती आपल्या सुरात म्हणावयाची. अशा रीतीने कादंबरी संपावयास भाद्रपद उजाडला. कौतिक नवऱ्याला बोलते ते मला पूर्वी नुसते कडवट वाटले होते. सासूबाईंच्या तोंडी त्याच शब्दांत कडवटपणा होता, थकवा होता, आणि खाली कोठेतरी ह्या माणसाला अजून सोडवत नाही हेही होते. ते 'वं' आणि ते 'बापा' वाक्याच्या शेवटी कसे पडतात, लांबतात की तुटतात, ह्यावर सारा अर्थ फिरतो. शेळक्यांनी बोली रंग भरण्यासाठी घातलेली नाही. आमच्या ग्रामीण कथेत बोली पुष्कळदा हसविण्याकरिता येते, किंवा पात्र अडाणी आहे ही पाटी लावण्याकरिता येते. 'धग'मध्ये ती कौतिकचे एकुलते एक हत्यार आहे. पैसा नाही, आधार नाही, पण जीभ आहे. माझ्या टिपणाने नेमकी तीच तिच्याकडून काढून घ्या, असे लेखकाला सुचविले होते. पंगतीतली मंडळी हसली आणि मी टिपण लिहिले. ह्या दोन गोष्टींत फार अंतर आहे असे आता मला वाटत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आम्ही सर्वांनी आनंद मानला, आणि तो मानावा असाच होता. पण त्या मराठीत 'मले' येते की नाही, हे आपण स्वतःला विचारावयास हवे. आपले सर्वांत जुने गद्य, तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र', हे चक्रधरस्वामींच्या बोलण्याच्या आठवणी म्हाइंभटाने जागोजाग विचारून गोळा केल्या, त्यांतून उभे राहिले आहे. आणि चक्रधर जन्माने गुजराती होते. मराठी गद्याची सुरुवातच अशी, बोललेले जपून ठेवण्यातून झाली. त्याला एकाच गावच्या उच्चाराची शिस्त लावण्याचा अधिकार आम्हां मास्तर मंडळींना कोणी दिला, कोण जाणे.

तेव्हा मी माझे ते वाक्य परत घेते. ज्या नियतकालिकात ते छापले होते ते केव्हाच बंद पडले, आणि कोणाच्या ते स्मरणातही नसेल. तथापि छापील चूक छापूनच दुरुस्त करावी, असे मला शिकविले गेले आहे.

'आढावा' म्हणावा असे ह्यात काही नाही, हे मला ठाऊक आहे. वर्षातली नवी पुस्तके माझ्या टेबलावर तशीच पडून आहेत, आणि त्यांच्या लेखकांची मी क्षमा मागते. पण सहा पुस्तकांत मला जे कळले ते साठ पुस्तकांच्या वर्षांत कळले नव्हते. एकटे वाचताना आपण पुस्तकाशी सहसा वाद घालीत नाही. आपल्याला जे म्हणावयाचे असते तेच ते म्हणते आहे, असे धरून चालतो. शेजारी ऐकणारे कोणी असले, आणि ते आपल्याहून निराळे आयुष्य जगलेले असले, म्हणजे पुस्तक आपल्या मुठीतून सुटते. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि ही आपली सुंदर प्रथा पडली. तो अंक घरात एकच येत असे, म्हणून कोणीतरी वाचावयाचा आणि बाकीच्यांनी ऐकावयाचा, असे जुनी माणसे सांगत. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. सासूबाईंचे डोळे शाबूत असते तर मीही माझ्या खोलीतच बसले असते.

वाचकहो, फराळाची ताटे उचलून झाल्यावर एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली, तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून कपाटातले एक जुने पुस्तक काढा आणि दहा पाने मोठ्याने वाचा. चुकलात तर चुका दुरुस्त करणारे कोणी शेजारी असेल, हाच त्यातला लाभ आहे.

आमच्याकडे वर्षभर वळलेल्या वातींचे दोन डबे भरले आहेत. ह्या दिवाळीच्या पणत्यांना त्या पुरून उरतील. पाडव्यानंतर नेमाड्यांची 'कोसला' घ्यावी असा माझा विचार आहे. तिच्यातली खानदेशी मला जमणार नाही, हे मी आधीच सांगून टाकले. सासूबाई म्हणाल्या, "तुले जमत नसंन तर मी सांगीन." हे त्या दार उघडे ठेवून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते.